याजक खाली उतरत होता

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे: "येशू यहूदी होता हे ठाऊक आहे. पण त्याची शिकवण कळायला यहूदी पार्श्वभूमी खरंच लागते का? मत्तयाच्या ५व्या अध्यायात तो 'तुम्ही ऐकले आहे, परंतु मी तुम्हांस सांगतो' असं सहा वेळा म्हणतो. म्हणजे मोशेचं नियमशास्त्र त्याने मोडीतच काढलं ना? आणि अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करू?"

थोडक्यात सांगायचं तर, पार्श्वभूमी लागते. मोडीत काढलं नाही. सुरुवात जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायापासून करा. आता सविस्तर सांगतो, आणि ते सांगायला माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

गेली अठ्ठावीस वर्षं मी मराठीतून नवा करार शिकवतोय. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं हा विषय मी चुकीचा शिकवला. चुकीचा म्हणजे, येशू उजळ दिसावा म्हणून भोवतीच्या यहूद्यांना काळं फासत होतो. ही सवय आमच्या व्यासपीठांवर इतकी मुरलेली आहे की ती सवय आहे हेच कळत नाही. एकदा रायगड जिल्ह्यातल्या एका गावी चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर बोललो. दाखला तुम्हाला माहीत आहे. 'माझा शेजारी कोण?' असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने तो सांगितला: यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं. एक याजक आला, बघून पलीकडून निघून गेला. लेवी, म्हणजे मंदिरात याजकांच्या हाताखाली सेवा करणारा, तोही तसाच गेला. शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांताचा माणूस, मात्र थांबला. मी रंगवून सांगितलं की याजक-लेवी सोवळ्यात होते, मढ्याला शिवले असते तर विटाळ झाला असता, मंदिरातली सेवा बुडाली असती, म्हणून धर्माने त्यांना निष्ठूर केलं. माना डोलल्या.

नंतर चहाला यजमानांचे शेजारी भेटले. बेने इस्राएल समाजातले, निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले. कोकणातल्या ज्या यहूद्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणायचे, त्यातलं हे मागे राहिलेलं एक घर. बाकीचे नातेवाईक केव्हाच इस्राएलला गेलेले. बशीत चहा ओतत त्यांनी विचारलं, "सर, तो याजक कुठून कुठे चालला होता?"

"यरुशलेमहून यरीहोला."

"म्हणजे खाली. सेवा आटोपून घरी. मग सोवळं कुणासाठी सांभाळत होता?"

मी गप्प. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आणि वाटेत बेवारस मढं दिसलं तर आमच्यात महायाजकानेसुद्धा थांबायचं असतं. तुम्ही आमच्या माणसांना उगाच वाईट केलंत."

घरी येऊन ग्रीक पाठ उघडला. लूक १०:३१, याजक त्या वाटेने 'खाली उतरत होता'. शब्द तिथेच होता, मी शंभर वेळा वाचलेला. यरुशलेम उंचावर आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. सुमारे २७ किलोमीटरच्या वाटेत हजार मीटरहून जास्त उतार. याजकांचे २४ वर्ग होते, एकेका वर्गाची पाळी आठवडाभर, आणि पाळी संपली की माणूस घरी जाई. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचे वडील जखऱ्याही तसेच घरी गेले, हे लूकच पहिल्या अध्यायात सांगतो. मग मिश्ना, म्हणजे यहूदी गुरूंच्या (रब्बींच्या) नियमचर्चांचा संग्रह, काढली. नाझीरांच्या, म्हणजे देवाला वाहून घेण्याचं व्रत केलेल्यांच्या, व्रतावरच्या भागात, ७व्या अध्यायाच्या आरंभीच चर्चा आहे: महायाजक आणि नाझीर दोघे वाटेने चालले आहेत, त्यांना बेवारस प्रेत सापडलं, तर दोघांपैकी विटाळ कुणी पत्करायचा? रब्बी एलिएजर म्हणतात महायाजकाने, इतर म्हणतात नाझीराने. कुणीतरी थांबायचं, यावर वाद नाहीच. वाद आहे तो कोण थांबणार यावर. आता लेवीय २१ मधलं प्रेतस्पर्शाचं बंधन याजकाला मंदिराबाहेरही लागू असतं, हे खरं. पण लेवीला ते बंधन नव्हतं. आणि वाटेवरचा माणूस मेलेलाही नव्हता.

मग ते का गेले? येशू कारण सांगत नाही. कारण आम्ही घुसडलं. त्या काळच्या यहूदी श्रोत्याच्या कानाला वेगळंच काही ऐकू येत होतं. याजक, लेवी आणि तिसरा इस्राएली अशी त्रयी ठरलेली होती, जसं आपल्याकडे 'ब्रह्मा, विष्णू' म्हटलं की पुढचं नाव सांगावं लागत नाही. तिसरा आपला साधा माणूस येणार, सगळे त्याची वाट बघत होते. आला शोमरोनी. शोमरोनी म्हणजे 'गरीब बिचारा बहिष्कृत' असं आपण समजतो, तेही चूक. तो शत्रू होता. त्यांचं गरिज्जीम डोंगरावरचं मंदिर यहूदी राज्यकर्ता आणि महायाजक हुर्कानस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलं होतं. येशू लहान असताना वल्हांडणाच्या दिवसांत काही शोमरोन्यांनी रात्री यरुशलेमच्या मंदिरात शिरून मेलेल्यांची हाडं विखुरली, असं योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. आणि लूकच्याच ९व्या अध्यायात, म्हणजे फक्त एक अध्याय आधी, एका शोमरोनी गावाने येशूला मुक्काम नाकारलेला आहे आणि शिष्य 'आकाशातून अग्नी पाडू का?' असं विचारताहेत. त्यानंतर हा दाखला ऐका. त्याची धार यहूदी धर्माच्या विरोधात जात नाही. ती ऐकणाऱ्याच्या पोटात जाते: तुझा जीव शत्रूच्या हातून वाचला तर चालेल का?

विटाळाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं जास्त थांबतो, कारण मराठी वाचक इथे हमखास घसरतो. 'अशुद्ध' हा शब्द दिसला की आपल्याला सोवळं-ओवळं आणि शिवाशिव आठवते. आपल्यातल्या अनेक घरांनी शिवाशिवीचे चटके सोसलेत, तेव्हा येशू कुष्ठरोग्याला हात लावतो हे वाचून डोळे भरून येतात. त्या भरून येण्याला मी कधी हसणार नाही. पण लेवीयमधली अशुद्धता जातीची नाही, जन्मभराची नाही आणि पापही नाही. जवळचा मराठी शब्दच हवा तर 'सोयर-सुतक' घ्या. घरात मूल झालं, सोयर. माणूस गेलं, सुतक. कुणी गुन्हा केलेला नसतो, ठरलेले दिवस जातात, आंघोळ होते, संपलं. यहूदी माणूसही बाळंतपण, पाळी, पतिपत्नीचा संग, घरातला मृत्यू अशा कारणांनी वरचेवर अशुद्ध होई. प्रेताला मूठमाती देणं हे तर पुण्यकर्म, आणि त्यानेच विटाळ होई. मरीयेने बाळंतपणानंतर पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण केलं, तेव्हा ती पापी होती असं कुणी म्हणत नाही. अशुद्धतेने अडायचं ते मुख्यतः मंदिर आणि पवित्र अन्न.

मग मार्क १ मधला कुष्ठरोगी पुन्हा वाचा. येशू त्याला स्पर्श करतो आणि लगेच काय सांगतो? जा, स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. म्हणजे लेवीय १४ प्रमाणे कर. नियमशास्त्र मोडणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य बसत नाही. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई त्याच्या वस्त्राच्या 'गोंड्याला' शिवते. आपल्या भाषांतरात गोंडा शब्द आहे आणि आपण तो शोभेचा समजून पुढे जातो. गणना १५:३८ काढा: इस्राएल लोकांनी वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत, त्यात निळा दोरा असावा, म्हणजे ते पाहून आज्ञा आठवतील. ती बाई ज्याला शिवली तो नियमशास्त्राच्या आठवणीचा गोंडा होता, आणि तो येशूच्या अंगावर होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मत्तय ५. सहा विधानं सुरू होण्याआधी १७व्या वचनात तो म्हणतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो असं समजू नका. यहूदी गुरूंच्या बोलीत आज्ञा 'उभी करणं' आणि 'पाडणं' अशी जोडी येते. पाळणं आणि मोडणं असा तिचा अर्थ. हे वचन ओलांडून कुणी २१व्या वचनाला रद्दबातल म्हणत असेल तर त्याने चार ओळी आधीचं वाचलेलं नाही.

पुढची सहा विधानं बघा. खून करू नको; मी सांगतो, रागही धरू नको. आता जो रागही धरत नाही तो खून करेल का? आज्ञा मोडली की तिच्याभोवती कुंपण घातलं? 'नियमशास्त्राला कुंपण घाला' हे मिश्नेतल्या 'पूर्वजांची वचनं' या भागाचं अगदी पहिलंच कलम आहे. शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही. पीक राखायचं तर बांधावरच अडवावं लागतं. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या नंतरच्या मोठ्या चर्चाग्रंथात, याच सुराचं एक वचन आहे: जो शेजाऱ्याला चारचौघांत लाजवतो त्याने जणू रक्त सांडलं. का, तर लाजेने चेहऱ्यावरचा लाल रंग उडतो आणि पांढरा येतो. येशूचं 'अरे मूर्खा म्हणणारा' याच बोळातलं आहे.

'डोळ्याबद्दल डोळा' घ्या. मिश्नेत याचा अर्थ डोळा फोडणं असा नाहीच, भरपाई असा आहे, आणि भरपाईचे दरही दिलेले आहेत. कुणाला थोबाडीत मारली तर २०० झूझ. हाताच्या पाठीने मारली तर ४००. उलट्या हाताने कमी लागतं, मग दुप्पट का? अपमान दुप्पट म्हणून. झूझ म्हणजे एक दीनार, मजुराच्या एका दिवसाची मजुरी. आता मत्तय ५:३९ मध्ये येशू 'उजव्या गालावर' असं नेमकं का म्हणतो ते बघा. समोरासमोर उभं राहून उजव्या हाताने उजव्या गालावर मारून पाहा (हलकेच, भावाला विचारून). उलट्या हातानेच मारता येतं. म्हणजे तो मारामारीबद्दल बोलत नाहीये. कुणी चारचौघांत पाणउतारा केला, तुमचा हक्काचा दावा उभा राहिला, तो सोडून द्या, असं सांगतोय. नियम शाबूत ठेवून हक्क सोडायचा. हे मला नियम मोडण्यापेक्षा खूप अवघड वाटतं, आणि एका जमिनीच्या भांडणात मला स्वतःला ते जमलेलं नाही.

सहावं विधान तर गमतीचं आहे. 'शेजाऱ्यावर प्रीती कर व आपल्या वैऱ्याचा द्वेष कर असे सांगितले होते हे तुम्ही ऐकले आहे.' पहिला अर्धा भाग लेवीय १९:१८. दुसरा कुठे आहे? नियमशास्त्रात शोधून दाखवा. उलट निर्गम २३ म्हणतं, शत्रूचा बैल किंवा गाढव भरकटलेलं दिसलं तर त्याच्या दावणीला नेऊन बांध. द्वेषाचं वाक्य मग आलं कुठून? १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या एका यहूदी पंथाच्या नियमात आरंभीच लिहिलं आहे की प्रकाशाच्या सर्व पुत्रांवर प्रेम करावं आणि अंधाराच्या सर्व पुत्रांचा द्वेष करावा. येशूच्या नजरेसमोर नेमके तेच लोक होते की नाही, याचा हट्ट मी धरत नाही. पण त्या काळात हे शिकवणारे यहूदी होते आणि त्याला नाही म्हणणारा हाही यहूदीच होता, आणि दोघे बोट ठेवत होते ते एकाच पुस्तकावर.

माझं सगळं सांगणं इथे येऊन पोचतं. येशूची बहुतेक वाक्यं उत्तरं आहेत. घरात चाललेल्या वादात कुणाला तरी दिलेली उत्तरं. ज्याला उत्तर दिलं त्याचा आवाज ऐकू आला नाही, तर उत्तर भलतंच कानावर पडतं. तुकोबांनी भोंदू साधूंवर कोरडे ओढले, म्हणून ते विठ्ठलाच्या विरोधात होते असं कुणी म्हणेल का? घरातला माणूसच असा बोलू शकतो. पण तेच बोलणं पाच पिढ्यांनी परक्याच्या हाती पडलं आणि तो ते त्या घराच्याच विरोधात वाचायला लागला, तर काय अनर्थ होतो, हे युरोपातल्या यहूद्यांना विचारा. कॅथलिक चर्चने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहूद्यांवर टाकता येणार नाही असं लेखी म्हटलं, तोवर फार उशीर झाला होता.

परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ. या शब्दाचं आपण काय करून ठेवलंय बघा. आमच्या मंडळीत 'परूशी' म्हणजे ढोंगी, शिवीच. योसेफस त्यांची संख्या सहा हजारांच्या वर सांगतो आणि लोकांत त्यांना मान होता असंही लिहितो. मेलेले पुन्हा उठतील हे सदूकी हा दुसरा यहूदी पंथ मानत नसे, परूशी मानत, आणि येशू या बाबतीत सरळ परूश्यांच्या बाजूला उभा आहे. लूकमध्ये तो तीनदा परूश्यांच्या पंगतीला जेवतो. लूक १३:३१ मध्ये 'हेरोद तुला मारायला टपलाय, इथून निघ' असा इशारा त्याला कोण देतं? परूशीच. मत्तय २३ मध्ये तो त्यांच्यावर आग पाखडतो, खरंय. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला 'ते सांगतात ते पाळा' असंही म्हणतो. आणि तालमूदमध्ये परूश्यांचे सात प्रकार सांगितलेत, त्यातल्या बहुतेकांची यथेच्छ टिंगल आहे. म्हणजे ढोंगावर हसणं हे त्या घरातलंच होतं.

शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, वादाचंही तसंच. 'शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही', हे येशूचं वाक्य आपण यहूदी धर्माविरुद्धचं घोषवाक्य म्हणून वापरतो. निर्गमवरच्या एका जुन्या यहूदी भाष्यात रब्बी शिमोन बेन मेनास्या हेच म्हणतात: शब्बाथ तुमच्या हाती दिलाय, तुम्ही शब्बाथाच्या हाती नाही. जीव धोक्यात असल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला ठेवायचा, हा मिश्नेतला नियम. मग भांडण कशाचं? येशूने शब्बाथ दिवशी बरं केलेल्या वाळलेल्या हाताच्या माणसाचं. त्याचा जीव धोक्यात नव्हता, तो रविवारी बरा झाला असता तरी चाललं असतं. इथे येशू काय युक्तिवाद करतो ते नीट पाहा: तुमचं मेंढरू शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलं तर तुम्ही काढणार नाही का? मग माणूस मेंढरापेक्षा किती मोलाचा! ही 'हलक्यावरून भारी' अशी यहूदी तर्काची ठरलेली रीत आहे. लहान गोष्टीत जे लागू ते मोठीत कितीतरी अधिक लागू. गंमत अशी की हा प्रश्न त्याने कुमरानपंथीयांना विचारला असता तर उत्तर आलं असतं, 'नाही काढणार.' त्यांच्या एका नियमग्रंथात स्पष्ट लिहिलंय की जनावर खड्ड्यात पडलं तरी शब्बाथ दिवशी वर काढू नये. म्हणजे येशूचा युक्तिवाद ज्यांच्यापुढे चालतो ते समोरचे परूशी त्या मानाने सौम्य, मेंढरू काढणारे लोक होते. तो त्यांच्याच नियमाचा धागा पुढे ओढतोय.

घटस्फोटाचं फार लांबवत नाही. शम्माय आणि हिल्लेल हे दोन नामांकित यहूदी गुरू. शम्मायची शाळा म्हणे, व्यभिचाराखेरीज बायको सोडता येत नाही. हिल्लेलची शाळा म्हणे, तिने जेवण करपवलं तरी सोडता येईल. मत्तय १९ मध्ये परूशी विचारतात, 'वाटेल त्या कारणावरून' सोडता येते का? हा मोघम प्रश्न नव्हता, या दोन शाळांमध्ये तू कुठे बसतोस असा तो होता. येशू शम्मायच्या जवळ बसतो, आणि आधार घेतो उत्पत्तीचा. ज्या समाजात सोडचिठ्ठी पुरुषाच्या हाती होती तिथे याचा पहिला फायदा कुणाला झाला असता, हे घरी विचार करा.

आता दोन शब्द भाषेबद्दल, कारण तिथे आपल्याला फुकट मिळणारा खजिना आहे. मत्तय ६ मध्ये 'डोळा शरीराचा दिवा आहे, तुझा डोळा निर्दोष असला तर...' असं वचन येतं. कितीतरी प्रवचनांत मी हे वाईट नजर, वासना, अगदी दृष्ट लागणं असं ऐकलंय. त्याच्या आधी काय आहे? स्वर्गात संपत्ती साठवा. नंतर काय आहे? देवाची आणि धनाची चाकरी एकदम होत नाही. पैशाच्या दोन गोष्टींच्या मध्ये डोळ्यांचं काय काम? इब्री भाषेत 'चांगला डोळा' म्हणजे उदार हात आणि 'वाईट डोळा' म्हणजे कंजुषी. नीतिसूत्रे २२:९ मध्ये जो आपल्या भाकरीतून गरिबाला देतो त्याला मुळात 'चांगल्या डोळ्याचा' म्हटलंय. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक कुरकुरणाऱ्या मजुराला विचारतो तेही शब्दशः 'मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट का?' असंच. मत्तय ६ मधला सगळा परिच्छेद मग एका सुरात लागतो.

दुसरा शब्द ऋण. प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या जुन्या मराठी पाठात 'आमची ऋणे आम्हांस सोड' आहे. तरुण मंडळींना ते अवघडल्यासारखं वाटतं, 'पापं' म्हणावं असं सुचवतात. बदलू नका. येशूच्या आरामी बोलीत 'होबा' या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ. म्हणून तर मत्तय १८ मधला क्षमेचा दाखला कर्जाच्या हिशेबाने सांगितलाय. सावकाराची वही पाहिलेल्या माणसाला या शब्दात जे ऐकू येतं ते 'अपराध' या शब्दात येत नाही.

पण या वाटेवर खड्डेही आहेत आणि हल्ली व्हिडिओवाल्यांनी ते जास्त खोल केलेत. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणाला. त्यावर यरुशलेमला 'सुईचं नाक' नावाचा बुटका दरवाजा होता, उंट गुडघे टेकून त्यातून जाई, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. तसा दरवाजा नव्हता. तालमूदमध्ये अशक्य गोष्टीसाठी 'सुईच्या नाकातून हत्ती' म्हणतात. येशूचा उंट त्याच कळपातला. अशक्य म्हणजे अशक्य, बुटका दरवाजा लावून ते सोपं करू नका. दुसरं, 'अब्बा' म्हणजे लहान मुलाचं 'पप्पा' हे. मोठी माणसंही बापाला अब्बाच म्हणत.

सगळ्यात मोठा खड्डा काळाचा. येशूचा मृत्यू इ.स. ३०च्या आसपास. मंदिर पडलं ७० साली. मिश्ना संकलित झाली सुमारे २०० साली आणि तालमूद त्याच्याही काही शतकं नंतर. तेव्हा वर मी जे मिश्ना-तालमूदचे दाखले दिले, ते 'येशूने इथून घेतलं' असं सिद्ध करत नाहीत. ते एवढंच सांगतात की असा विचार त्या घरात सहज होत होता. ४०० झूझचा दर येशूच्या काळी नाझरेथात चालू होता असं मी कोर्टात सांगणार नाही. कुमरानच्या गुंडाळ्या मंदिर पडण्याआधीच्या, योसेफस पहिल्या शतकाच्या अखेरचा. त्यांची साक्ष वयाने जवळची. शिकवताना मी फळ्यावर तारखा लिहूनच सुरुवात करतो.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'म्हणजे येशूने नवीन काहीच सांगितलं नाही' असं एक विद्यार्थी मला दरवर्षी म्हणतो. 'बापाला पुरून येतो' म्हणणाऱ्याला येशू म्हणतो, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे, तू माझ्यामागे ये. आपण हे वाक्य गुळगुळीत करून टाकलंय. पण आईबापाचा मान ही दहा आज्ञांमधली आज्ञा, आणि बेवारस मढ्यासाठी महायाजकालाही थांबवणारं हे घर. तिथे हे वाक्य ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला असणार. पार्श्वभूमी कळली नाही तर तो काटा येतच नाही. तसंच गुरू बोलत ते आपल्या गुरूच्या नावाने; हा 'मी सांगतो' म्हणतो. आणि देवाचं राज्य येवो अशी प्रार्थना सगळेच करत. हा जकातदारांच्या पंगतीला बसून ते आलंय म्हणतो. भांडण झालं ते इथे.

सुरुवात कशी करायची ते सांगून थांबतो. लेवीय १९ पूर्ण वाचा. शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा. मग लगेच मत्तय ५ वाचा. त्यानंतर अनुवाद ६ ते ८, आणि मग मत्तय ४ मधली परीक्षा. सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं त्याच पानांतली आहेत. मग मार्क १२:२८ पासूनचा संवाद. तिथे एक शास्त्री पहिली आज्ञा कोणती असं विचारतो, येशू 'हे इस्राएला, ऐक' म्हणून सुरुवात करतो, दोघांचं एकमत होतं आणि वाद न होताच भेट संपते. अलिबागेकडच्या एखाद्या जुन्या बेने इस्राएल घरी जाणं झालं तर दाराच्या चौकटीवरची छोटी नळी बघा. तिच्यातल्या चर्मपत्रावर हेच शब्द असतात.

आणि एक राहिलं. त्या चहाच्या दिवशी उठताना त्या गुरुजींनी मला आणखी एक संदर्भ चिठ्ठीवर लिहून दिला होता, २ इतिहास २८:१५. इस्राएलच्या फौजेने यहूदाचे लोक कैद करून शोमरोनाला नेले, ओदेद नावाचा संदेष्टा आडवा आला, आणि शोमरोनातल्या माणसांनी त्या कैद्यांना कपडे घातले, जेवू घातलं, तेल लावलं, अशक्त होते त्यांना गाढवांवर बसवलं आणि त्यांच्या भाऊबंदांकडे पोचवलं. कुठे? यरीहोला. चिठ्ठीखाली पेन्सिलीने एकच ओळ होती: "येशूला प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला हा अध्याय पाठ असणार."